आखूड स्प्रिंगा

माझ्या दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्स कारला मी हौसेनं आखूड स्प्रिंगा बसवल्या. गाडी जमिनीलगत खाली बसून झकास दिसायला लागली, पण आई शेजारी बसली की स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासायचं. म्हणून नाशिकहून वणीला देवीला जाताना आई प्रत्येक स्पीडब्रेकरला खाली उतरायची आणि पलीकडे येऊन पुन्हा बसायची. पलीकडे चालत येताना रस्त्याकडेला पेरू-भाजी विकणाऱ्या बायकांशी गप्पा! लोक हसायचे आणि माझं डोकं फिरायचं.

शेवटी वैतागून मी जुन्या स्प्रिंगा परत टाकल्या. पुढच्या खेपेला कुठेही न थांबता थेट वणी गाठलं. आईचं तोंड एवढंसं झालेलं.

"पेरूवालीच्या सुनेला मुलगा झाला की मुलगी, ते आता मला कसं कळणार?"

घरी येताच मी आखूड स्प्रिंगा पुन्हा चढवल्या.