वाडीचा वरून काढलेला फोटो

सई, अर्णव, आजोबा जाऊन सहा आठवडे झाले. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की त्यांनी ते विमान उडवणं का सोडलं, आणि मी विषय बदलला. तुमच्या आईलाही मी हे कधी नीट सांगितलेलं नाही. माझं वय पाहता आता लिहूनच ठेवते…

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते विमान घरीच बनवलं. थर्माकोलचे पंख, बांबूची काडी, पोटाखाली रबराने बांधलेला काडेपेटीएवढा कॅमेरा. तो आपोआप फोटो घेत राहायचा. इंजिन नाही. डोंगराच्या कडेवरून वाऱ्यावर सोडायचं आणि रिमोटने वळवायचं. तुडीलच्या नदीचे, पाचाडच्या भातखाचरांचे फोटो त्यांनी असेच काढले. वाऱ्याची दिशा वहीत लिहायचं काम माझं. ड्रोन घ्या म्हटलं, तर म्हणायचे, "गोंगाटच ऐकायचा तर शाळा काय वाईट होती?"

पोलादपूरकडच्या एका वाडीचे फोटो संगणकावर मोठे करताना त्यांना घरांच्या वर, डोंगराच्या अंगावर एक वाकडी रेघ दिसली. भेग असावी असं त्यांना वाटलं. महाडला मोठी प्रत काढून आम्ही वाडीत गेलो.

उत्तर आधी सांगायचं नाही, मुलांना शोधू द्यायचं, ही त्यांची मास्तरकीची सवय. देवळात फोटो पसरून त्यांनी विचारलं, काय दिसतं? सगळे वाकले आणि जो तो आपलं छप्पर शोधू लागला. कुणी शेजाऱ्याची फुटकी कौलं दाखवून चिडवत होतं. सगुणाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती मला म्हणाली, "देव असाच बघत असंल गो आमाला?" आजोबाही रमले, घरं ओळखून देऊ लागले. अर्धा तास तसा गेला. मग त्यांनी रेघेवर बोट ठेवलं, तेव्हा सगुणाबाईचा मुलगा हसला. "गुरुजी, ती गुरांची वाट हाय. भेगबिग काय नाय."

सगळ्यांना ते पटलं. आणि मुलांनो, क्षणभर आजोबांनाही पटलं… वर चढायला त्यांचे गुडघे साथ देत नव्हते. सगुणाबाईचा मुलगा म्हणाला, मी बघून येतो; तो गेला की नाही, ते कळलं नाही. डोंगर तपासा, असा आजोबांनी तहसील कचेरीत अर्ज दिला, त्याची फक्त पोच मिळाली. वाडीतल्यांनी भिंतीवर लावायला फोटोच्या प्रती तेवढ्या मागितल्या.

आषाढातल्या एका दुपारी डोंगर खाली आला, त्या रेघेपासूनच. चिखलात कुठे खणायचं ते कुणाला कळेना, म्हणून आजोबांना फोटो घेऊन बोलावलं. देवळात दाखवली होती तशीच ते बोटाने घरं दाखवत होते. सगुणाबाई दुसऱ्या दिवशी मिळाली. तिचा मुलगा मिळालाच नाही.

घरी येऊन त्यांनी विमान माळ्यावर टाकलं. नंतर एकदाच बोलले, "मी आधी रेघ दाखवायला हवी होती." दाखवली असती तरी लोक हलले नसते, असं मला म्हणता आलं असतं. ते खरं की खोटं हे मला माहीत नव्हतं.

ते गेल्यावर वाडीतल्या वाचलेल्या दोघी समाचाराला आल्या. निघताना त्यांनी फोटो मागितला, जमिनीवर पसरला आणि बोट फिरवत आपापलं छप्पर शोधलं. वरच्या रेघेकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही दाखवली नाही. त्यांच्या भिंतींवरच्या प्रती मातीत गेल्या, संगणकातले फोटो तो बिघडला तेव्हा गेले. वाडीचा आता हा एकच फोटो उरला आहे, आणि तो माझ्याकडे आहे.