भास्कर सरांचा भरलेला वर्ग

भास्कर सर वर्गात आले की खुर्ची उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवत. पहिल्याच दिवशी मी ते पाहिलं आणि विचारलं, "खुर्ची मोडली का, सर?" ते हसून म्हणाले, "न्हाई मॅडम. बसलं की मास्तरला झोप लागती, अन् मास्तर झोपला की पोरं बी झोपत्यात." वय जेमतेम तेवीस. तलवाड्याकडच्या ऊसतोड कामगाराचा हा मुलगा सिरसाळ्याजवळच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायला आला होता. मी शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवत असे. त्यांचा आवाज भिंत ओलांडून यायचा आणि माझी मुलं खुशाल तिकडचा भूगोल ऐकत बसायची.

दिवाळी झाली की आमच्या शाळेतली निम्मी बाकं रिकामी होत. आईबाप ऊस तोडायला कारखान्यांकडे निघत आणि मुलंही त्यांच्याबरोबर जात. आम्हाला त्याची सवय झाली होती. सरांना झाली नाही. "मी सोता उसाच्या फडात वाढलोय. पाचटात बसून अभ्यास होत न्हाई," ते म्हणायचे. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघायच्या सकाळी ते मला घेऊन वस्तीवर गेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या भरून झाल्या होत्या. नववीतली रुक्मिण धाकट्या भावाला कडेवर घेऊन ट्रॉलीशी उभी होती.

"पोरीला ठिवा की, मामा," सर तिच्या वडिलांना म्हणाले.

"ठिवली असती, सर. पण आमी दोघं फडात, मंग ह्या बारक्याला कोण संभाळणार?"

सरांनी हात पुढे केले. "मंग बारक्यालाबी ठिवा."

वडील ट्रॉलीचा दोर आवळू लागले. तिची आई मात्र ट्रॉलीतून खाली उतरली. तिने मुलाचा मुका घेतला आणि त्याला सरांच्या हातात दिलं. ते पाहून आणखी दहा-बारा घरांनी मुलं मागे ठेवली. दुपारपर्यंत वर्ग जवळपास भरला होता.

मुख्याध्यापक संतापले. "ही शाळा आहे की पाळणाघर?"

"शाळाच हाय, सर. बारकी पोरं आल्यानं शाळा काय ल्हान होत न्हाई."

मग गावातल्या बायकांनी आळीपाळीनं भाकरी-कालवण पाठवायला सुरुवात केली. मुली माझ्या घरी निजत, मुलं सरांच्या खोलीवर. रुक्मिणचा भाऊ माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलाखाली खेळायचा. सगळ्यांची ताटं वाढून झाल्याशिवाय सर स्वतः जेवत नसत आणि कालवण संपलं तर मिठाबरोबर भाकरी खाऊन मोकळे होत. पुढच्या वर्षी त्यातली नववीची सगळी मुलं दहावी पास झाली. निकालाच्या दिवशी रुक्मिणच्या वडिलांनी सरांना खांद्यावर घेतलं आणि हलगीच्या तालावर गावभर फिरवलं. मुख्याध्यापकांनी स्वतः पेढे आणले.

त्याच उन्हाळ्यात कळलं की सरांची सैन्यात अधिकारी म्हणून निवड झाली आहे. कॉलेजात एनसीसीत असल्यापासून त्यांनी तो ध्यास घेतला होता. मी रागावले. "आत्ता कुठे घडी बसली आणि तुम्ही निघालात?"

"घडी बसली म्हणूनच निघालो, मॅडम. आता टोळीला आडवं जायला तुमी हायत."

आणि खरंच, पुढच्या दिवाळीत आम्ही सगळे शिक्षक वस्तीवर गेलो. मुख्याध्यापक सर्वांत पुढे होते.

लेफ्टनंट होऊन सर एकदाच आमच्या गावी आले. गणवेशातच वर्गात शिरले आणि तासभर उभ्यानं हिमालय शिकवून गेले. त्यानंतर सीमेवर युद्ध पेटलं आणि एका दुपारी त्यांच्या मृत्यूची बातमी आली.

काही आठवड्यांनी शाळेच्या मैदानात सभा झाली. बोलायचं मला होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. मी तशीच खाली बसले. तेव्हा त्यांच्या तुकडीतले कोल्हापूरकडचे हवालदार उभे राहिले. डोंगरावरची चौकी, तीन बाजूंनी हल्ला, पाच जवान जखमी. "साहेबांनी आम्हाला हुकूम दिला, जखमींना खाली न्या. स्वतः मशीनगनवर बसले. आम्ही पाचही जणांना उतरवलं. कुमक घेऊन वर पोचलो तेव्हा साहेब गेलेले होते. पण शत्रूला चौकीत पाय ठेवता आला नव्हता."

पहिल्या रांगेतून सरांच्या आई उठल्या. आयुष्यभर कोयता चालवलेली ती बाई. त्यांनी विचारलं, "ती पाच लेकरं कुठं हायत?"

हवालदारांमागून पाच जवान पुढे आले. एकाला कुबड्या होत्या. आईंनी एकेकाच्या तोंडावरून हात फिरवला.

"समदे जित्ते हायत ना?"

"होय, आई."

"अन् ती जागा?"

"आपलीच आहे, आई."

आई आमच्याकडे वळल्या. डोळे कोरडे होते, मान ताठ. "मंग रडताय कावून? जितलं माझं लेकरू!"

मैदानातले हुंदके थांबले. जुन्या विद्यार्थ्यांच्या रांगांतून रुक्मिणनं आरोळी दिली, "भास्कर सर की..." आणि हजारो गळ्यांतून उठलेल्या "जय"मध्ये माझाही आवाज एकदाचा फुटला.