फांदीशिवायचं पान

वनस्पतिशास्त्र विभागात त्यांना सगळे काटेताई म्हणत. बावीस वर्षं डोंगरउतारांवर नमुने गोळा करून हातांवर ओरखड्यांची जाळी झाली होती. पानं तोडली की त्याच झुडपाची फुलासकट एक फांदी कागदात दाबून वाळवायची आणि दोन्हींवर एकच क्रमांक घालायचा, हा त्यांचा नेम. फांदीशिवायचं पान बेवारस, असं त्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सुनवायच्या.

म्हणूनच रानटी रासबेरीच्या जनुकीय तपासणीचा निकाल आला आणि विभागप्रमुख सरांनी सगळ्यांदेखत त्याचं खापर त्यांच्या माथी फोडलं, तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पानाला हिरवं ठेवणाऱ्या हरितलवकांचा सगळा जीनोम, म्हणजे त्यांचा पूर्ण जनुकीय मजकूर, वाचून घेतला होता. दीड लाखाच्या वर अक्षरं, आणि ती बागेतल्या साध्या रासबेरीशी तंतोतंत जुळली. ताईंनीच नमुना बदलला, असं सरांनी ठरवून टाकलं; विद्यापीठाला तसं पत्रही टाइप झालं. निवृत्तीला आठ महिने होते. हे पत्र गेलं असतं तर त्यांनी आजवर आणलेल्या प्रत्येक पानावर संशय आला असता.

ताई कपाटाकडे गेल्या. ओलावा शोषणाऱ्या खड्यांतलं पानांचं पाकीट त्यांनी टेबलावर आणून ठेवलं. चिकटपट्टीवरची त्यांची सही जशीच्या तशी होती. पाकीट कुणी उघडलंच नव्हतं.

मग तपासणीत वाचलं ते कुठलं पान? तपासणी करणारी पीएच.डी.ची मुलगी रडकुंडीला आली. वाळल्या पानांपेक्षा ताजी बरी म्हणून सरांनीच तिला इमारतीमागचं झुडूप दाखवलं होतं, तेही ताईंनीच रानातून आणून लावलंय असं सांगून. घाईत तिनं फांदीही दाबली नव्हती.

"ते झुडूप रोपवाटिकेतून आलंय, सर," ताई म्हणाल्या. "रानातलं पान खालून हिरवं असतं, ह्याचं पांढरं. उलटून बघायला कितीसा वेळ लागतो?"

सरांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. झालं ते झालं, पाकीट द्या, पुन्हा करू, म्हणाले.

"आधी पत्र फाडा. मग नोंदवहीत लिहा."

सरांनी पत्र फाडलं आणि वहीत लिहिलं, नमुन्यात गोंधळ झाला. ताईंनी वही परत त्यांच्यापुढे सरकवली.

"गोंधळ आपोआप झाला का? कुणी केला?"

शेवटी सरांनी स्वतःचं नाव लिहिलं. ताईंनी ते दोनदा वाचलं, पण पाकीट सरांच्या हातात दिलं नाही. ते त्या मुलीला दिलं.

"निम्मीच पानं घे. उरलेली माझ्यासमोर बंद कर. पुन्हा कुणाला घाई झाली तर?"