बुडवलेल्या झाडांची जागा

पूल आला की व्हर्लन मामा गाडी हळू करायचा, काच खाली घ्यायचा आणि उजवीकडे बघायचा. कामावर जाताना रोज. उजवीकडे धरणाच्या भिंतीपर्यंत नुसतं सपाट पाणी होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. त्याची जागा डावीकडे होती. संध्याकाळी परतताना ती उजव्या हाताला यायची, तेव्हा तो डावीकडे बघायचा. मागच्या गाडीत कोण बसलंय सांगता येत नाही, आणि माणसाची नजर कुठे जाते त्यावरूनच लोक जागा शोधतात, असं त्याचं म्हणणं होतं. मोज्यांची गिरणी बंद पडल्यावर तो शाळेची बस चालवू लागला, तेव्हा पुलावर बसही हळू व्हायची. मुलांना वाटायचं, पूल कच्चा आहे.

जागा म्हणजे पाण्याखालचा झाडांचा ढीग. नाताळ संपला की आमच्याकडे घराघरांतली नाताळची वाळलेली झाडं रस्त्याच्या कडेला येऊन पडतात. मामा ती गोळा करायचा, बुंध्यांना सिमेंटचे ठोकळे बांधायचा आणि जानेवारीतल्या एखाद्या धुक्याच्या सकाळी, तलावावर चिटपाखरू नसताना, होडीतून नेऊन बुडवायचा. फांद्यांमध्ये बारीक मासे लपतात आणि त्यांच्या मागे बास नावाचे मोठे मासे येतात. एवढी झाडं करतोस काय, असं कुणी विचारलं तर शेळ्यांना घालतो म्हणायचा. खोटं उघडं पडू नये म्हणून त्याने दोन शेळ्या पाळल्या होत्या. त्याला शेळ्या मुळीच आवडत नसत.

हिकरी बेंडच्या तलावावर बास धरणाऱ्या सगळ्यांच्याच अशा जागा असतात आणि त्यांची रीतही ठरलेली असते. दुसरी होडी नजरेच्या टप्प्यात आली की आपल्या ढिगावरून निघायचं. भलत्याच काठाला जाऊन गळ टाकत बसायचं आणि चेहरा असा ठेवायचा की मासे तिथेच आहेत. कुणी विचारलं तर काही लागत नाही म्हणायचं. मामाने हे इतकी वर्षं पाळलं की त्याच्या बायकोलाही ती जागा ठाऊक नव्हती. ती दुसरं लग्न करून टेक्ससला गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरं झालं, सांगितलं नव्हतं."

ठाऊक असलेलं दुसरं माणूस एकच, माझी आई. मॉडीन, त्याची थोरली बहीण. आजी गेली तेव्हा मामाला बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. ती आईने शिकवली, आणि गळाची गाठ मारायलाही तिनेच शिकवलं.

त्या वर्षी आईची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि तिला नेणं-आणणं मामाकडे. डायलिसिसच्या दिवशी ती पिळलेल्या फडक्यासारखी घरी यायची. दुसऱ्या दिवशी जरा माणसात असायची, की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाणी मोजून, टोमॅटो बंद, कलिंगड बंद. बर्फाचा खडा तोंडात धरून ती खिडकीशी बसायची. वसंतात एकदा ती मामाला म्हणाली, "मला तुझ्या ढिगावर ने. एक बास धरायचाय. मग म्हणाल तिथे पडून राहीन."

मामा लगेच हो म्हणाला. पण दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. एकदा वादळ आलं, एकदा तिचा रक्तदाब इतका उतरला की उठताच येईना. मग डॉक्टरांनी डायलिसिससाठी तिच्या हाताची शस्त्रक्रिया ठरवली, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि त्यानंतर गळाची काठी विसरा म्हणाले. त्यातच सुट्टीमुळे डायलिसिसच्या पाळ्या मागेपुढे झाल्या. शस्त्रक्रियेच्या आधीचा तिचा एकच बरा दिवस उरला, आणि तो नेमका चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत आला.

"चार जुलै?" मामा आमच्या स्वयंपाकघरात उकडलेल्या शेंगा सोलत म्हणाला. "ताई, त्या दिवशी तलावात माणूस पडला तर ओला होत नाही. कुणाच्या तरी होडीवरच पडतो."

"मग पुढच्या वर्षी नेतोस?"

मामाने टरफलं एका बाजूला सारली. "उजाडायच्या आत निघावं लागेल."

"मी झोपतेच कुठे? फक्त हाक मार."

त्यानंतर रोज संध्याकाळी येऊन तो बेत आखत बसायचा. तिच्या डाव्या हातावर, जिथून सुया टोचत, तिथे भार घ्यायला मनाई होती. म्हणून त्याने रिळाची मूठ काढून दुसऱ्या बाजूला बसवली, म्हणजे काठी उजव्या हातात राहील आणि डाव्याने नुसतं फिरवायचं. अंगणातली हाताची खुर्ची होडीत स्क्रूने पक्की केली. छत्री, बर्फाची पेटी, कांबळं. सुट्टीचे लोक उठून, न्याहारी करून, होड्या घेऊन येईपर्यंत आपण परत, असा सगळा हिशेब.

"आणि कुणी मध्येच आलं तर?" मी विचारलं.

"इतक्या लवकर कोण येतंय?"

"तुझ्यासारखंच कुणीतरी," आई म्हणाली.

तसंच झालं. धुकं होतं तोवर सगळं बेताप्रमाणे चाललं. हे मी दोघांकडून ऐकलंय, आणि दोघांचं सांगणं इथपर्यंत जुळतं. मामाने चर्चचा कळस आणि पाण्याची टाकी एका ओळीत धरून होडी ढिगावर आणली. आईने रबरी गांडूळ लावलेला गळ टाकला. दोनदा फांदीला अडकून सुटला, तिसऱ्यांदा खालून काहीतरी हलकंच चाचपून गेलं. तेवढ्यात धुक्यातून एक नवी चकचकीत होडी आली आणि हाकेच्या अंतरावर थांबली. आत एक तरुण उभा होता, पुढ्यात मासे दाखवणारं यंत्र. मामाने काही विचार केला नाही. आईला दोरी गुंडाळायला सांगितली, छोटी मोटर सुरू केली आणि होडी पलीकडच्या ओसाड काठाला नेली. जातील, जातील म्हणत ते तिथे बसून राहिले. धुकं विरलं, ऊन आलं, आणि मग सगळा तलावच जागा झाला.

होड्या पाण्यात सोडायच्या उतरणीपाशी मी मामाच्या गाडीत बसून होते. सिमेंटच्या त्या उतरणीवर ट्रेलरांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. कुणाचा कुत्रा सुटला होता, कुणाचा बर्फ सांडला होता, नवराबायको गाडी मागे घेण्यावरून भांडत होते, आणि मांस भाजल्याचा धूर सगळ्यांवर सारखाच पसरला होता. मामाची होडी आली ती कुणीतरी मागून ढकलल्यासारखी, लाटांवर आपटत. आईचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय मिळालं?" मी विचारलं.

"ऊन," आई म्हणाली.

मामा दोरी खांबाला बांधत होता. "पोरी, ट्रेलर मागे घे. दमलीय ती."

"दमणारच. कुठे होतो माहितेय का? बॅप्टिस्ट चर्चवाल्यांच्या काठाला. तिथे लहानपणीसुद्धा काही नव्हतं. बेडूकही दुसरीकडे राहतात."

"तो पोरगा जवळजवळ ढिगावरच उभा होता, ताई."

"मग राहू द्यायचा उभा."

"त्याच्याजवळ यंत्र होतं. एक बटण दाबलं की संपलं."

"काय संपलं?"

मागच्या होडीतून कुणीतरी ओरडलं, "ओ आजोबा, चढताय की उतरताय? आम्हालाही सुट्टी आहे."

आई रागावली नव्हती, तेवढी ताकद नव्हती तिच्यात. उजव्या हाताने ती तरंगजाकिटाचा पट्टा सोडवू लागली. बक्कल निघेना. तिने हात मांडीवर ठेवला, जरा थांबून पुन्हा लावला. पुन्हा निघालं नाही. मामा दोरी हातात धरून ते बघत राहिला. मागून भोंगा वाजला.

"गाडी बाजूला लावून ये," तो मला म्हणाला. "बर्फ घे थोडा. आणि तूही चल, तिला धरायला कुणीतरी पाहिजे."

"व्हर्लन, पुरे आता," आई म्हणाली.

"बस गं."

ऐन दुपारी आम्ही पुन्हा निघालो. पाण्यावर नुसती जत्रा होती. पाण्यावरच्या स्कूटरी घोंघावत जात होत्या, रबरी चक्रांवर बसून पोरं किंचाळत होती, सपाट होड्यांवर झेंडे आणि गाणी. मामाने कळस आणि टाकी ओळीत धरली, आणि मग जे त्याने कधीच केलं नव्हतं ते केलं. नांगर टाकला. सगळ्यांच्या देखत. मी छत्री धरली. आईने गळ टाकला तो फार लांब गेला नाही, पण ढीग होडीखालीच होता.

बराच वेळ काही झालं नाही. लाटांनी होडी डुलत होती आणि आईचे डोळे मिटत होते. एक सपाट होडी वाहत वाहत जवळ आली. तळलेल्या कोंबडीचं डबडं मांडीवर घेतलेला एक गोल माणूस कठड्याला रेलून म्हणाला, "काही लागतंय का, मावशी?"

अशा वेळी काय म्हणायचं ते ठरलेलं असतं. आईने मामाकडे बघितलं. मामा पाण्याकडे बघत होता.

"लागतात इथे," तो म्हणाला. "खाली झाडं आहेत."

"झाडं? कुणी टाकली?"

"मी."

तो माणूस जरा गोंधळला. लोक असं सांगत नाहीत हे त्यालाही ठाऊक असावं. मग त्याने बोटं पँटला पुसली, खिशातून फोन काढला, जागा टिपून घेतली आणि पुन्हा खिशात ठेवला. मामाने ते बघितलं. त्याचा चेहरा तेवढ्या वेळात फार म्हातारा दिसला मला. त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली.

"काहीतरी आहे," आई म्हणाली.

"फांदी असेल."

"फांदी चालत नाही, व्हर्लन."

तिने काठी वर झटकली. डावा हात रिळाची मूठ फिरवू लागला, थांबत थांबत. मामा जाळी घेऊन कडेला वाकला होता, पण त्याने काठीला हात लावला नाही. मीही लावला नाही. मासा वर आला तेव्हा पलीकडच्या होडीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बास होता, दीड वीत असेल नसेल. आईने त्याच्या खालच्या ओठात अंगठा घालून त्याला उचललं, उलटसुलट करून बघितलं.

"एवढासाच," ती म्हणाली.

"घरी नेण्याइतका नाही," मामा म्हणाला.

"न्यायचाय कुणाला? मला कुठे चालतो." तिने वाकून त्याला पाण्यात सोडलं आणि ओला हात मानेवर फिरवला. "चल आता. पाठ गेली माझी."

येताना ती खुर्चीतच झोपली. रांगेत तासभर थांबावं लागलं तरी उठली नाही.

उन्हाळा सरेपर्यंत ढिगावर रोज एक ना एक होडी दिसायला लागली. तो गोल माणूस यायचा, त्याचे मेव्हणे यायचे, मग मेव्हण्यांचे ओळखीचे. मामाने तिथे जाणं सोडलं. दुसरी जागा कर, असं त्याला बास धरणाऱ्यांपैकी कुणीतरी सांगितलं, तर म्हणाला, "एक राखली तेवढी बास झाली." जानेवारीत तो गोल माणूस गाडीत वाळलेलं झाड घालून मामाच्या दारात आला आणि हे कुठे टाकू म्हणून विचारू लागला. मामा त्याच्याबरोबर गेला. ठोकळा कसा बांधायचा ते दाखवलं. परत आल्यावर आईला म्हणाला, "माणूस वाईट नाही. पण किती बोलतो. मासे कसे राहतील?"

"तुला ऐकावं लागलं याचंच दुःख," आई म्हणाली.

"दोन्हीचं."

शस्त्रक्रियेनंतर आईचा हात जड झाला तो झालाच. ती डायलिसिसला जात राहिली, अजूनही जाते. आम्ही सगळे तिच्यासाठी मनाची तयारी करून बसलो होतो, आणि फेब्रुवारीत मामा गेला. शनिवारी सकाळी डायलिसिसला निघायला आई कोट घालून पायरीवर बसली होती, त्याची गाडी आली नाही. मी त्याच्या घरी गेले तर तो अंथरुणातच होता, कुशीवर, नेहमीसारखा.

शेजारच्या बाईंनी आईला विचारलं, शेवटचं काही बोलला होता का. आदल्या संध्याकाळी त्याने फोन केला होता, आई म्हणाली. काय बोलला, तर ती सांगेना, म्हणाली त्यात काही नव्हतं. फार दिवसांनी, दवाखान्याच्या रस्त्यावर, गाडी मी चालवत असताना, तिने आपणहून सांगितलं. मामा म्हणाला होता, "उद्या कांबळं घेऊन बस, ताई. गाडीचा हीटर पुन्हा बिघडलाय."