ओसरीचा दुसरा रेकॉर्डर

एस्तेरवहिनींचा फोन आला तेव्हा मी प्रभाकरदादावर चिडलेलोच होतो. सकाळपासून त्याचे तीन फोन झाले होते. रविवारी मांगेरे उपनगरातल्या चर्चमध्ये रेकॉर्डिंग आहे, लांब केबल आण, मागच्या वेळसारखी आखूड नको. इकडे ऑफिसात सर्व्हर बंद पडलेला. हा त्याचाच चौथा फोन समजून मी खेकसलो, "आणतो म्हटलं ना, दादा." पलीकडे वहिनी होत्या. त्याच्या फार्मसीत एका बाईंना औषध कसं घ्यायचं ते समजावताना दादा खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. याला सात आठवडे झाले. केबल अजून माझ्या गाडीत आहे.

प्रभाकर साळवे नगरचा. वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे, तेवढंच काय ते घरचं संगीत. ऑकलंडला येऊन हा जॅझ आणि गॉस्पेलची रेकॉर्ड कंपनी काढेल असं त्यालाही वाटलं नसेल. बॉटनी डाउन्स उपनगरातल्या त्याच्या गॅरेजमध्ये, लॉनमोवर आणि तांदळाच्या पोत्यांमध्ये 'ओसरी रेकॉर्ड्स' सुरू झाली. येईल त्याला बसायला जागा, म्हणून ओसरी. मला कॉम्प्युटर कळतात म्हणजे सगळीच यंत्रं कळतात, अशी त्याची समजूत, त्यामुळे रेकॉर्डर माझ्याकडे. पहिली सीडी एका कॅफेत जॅझ वाजवणाऱ्या तिघांची, त्यातला सॅक्सोफोनवाला एरवी बस चालवायचा. मग त्याच्याच ओळखीने सामोअन आणि टोंगन, म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या, चर्चचे गायकवृंद आले. सात वर्षांत अकरा सीडी निघाल्या. तोवर लोक गाणी इंटरनेटवरून उतरवून घ्यायला लागले होते, पण ते दादाला कोण सांगणार?

त्याच्याबरोबर काम करणं हा छळ होता, हे आज तो नसतानाही म्हणतो. चर्चच्या दाराशी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढायचा आणि कुठला कोपरा कसा घुमतो ते बघत तासभर टाळ्या वाजवत फिरायचा. गाणी म्हणायला आलेले लोक बाकांवर ताटकळत. गाणं एकदाच रेकॉर्ड करायचं, हा त्याचा नियम. कुणी खोकलं, बाळ रडलं, तरी तेच ठेवायचं. मला म्हणायचा, "पुन्हा गायला लावलं की माणूस मशीनसाठी गातो, मिल्या." कव्हरवर गाणाऱ्या प्रत्येकाचं नाव हवंच, मग साठ-साठ नावं मुंगीएवढ्या अक्षरात. दुकानं सीडी ठेवेनात, तर हा फार्मसीत खोकल्याच्या औषधाबरोबर वाटत सुटला. मी कागदावर विक्रीची योजना लिहून द्यायचो, तो त्याच कागदाच्या मागे माईकच्या जागा काढायचा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते लिहितो.

मांगेरेच्या चर्चमध्ये सिना नावाच्या एक वृद्ध बाई गायच्या, दादा त्यांना सिनाआजी म्हणायचा. त्यांच्या आईकडून आलेलं एक सामोअन स्तोत्र त्या एकट्याच म्हणत. दादाने वर्षभर मागे लागून त्यांना रेकॉर्डिंगला तयार केलं. त्या दिवशी माईकच्या जागेवरून आमचं वाजलं होतं आणि मी घुश्शात बसलो होतो. आमच्या रेकॉर्डरचं बटण दोनदा दाबावं लागे. एकदा दाबलं की लाल दिवा लुकलुकतो, म्हणजे मशीन तयार. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि मगच रेकॉर्डिंग सुरू होतं. मी एकदाच दाबलं आणि मोबाईलवर ऑफिसचे मेसेज वाचत बसलो. आजी गायल्या. चर्चमध्ये कुणी हललंसुद्धा नाही. मी मान वर केली तेव्हा दिवा लुकलुकत होता…

मी म्हणालो, "मशीन अडकलं, दादा."

त्याने एका शब्दानेही विचारलं नाही. आजींना पुन्हा म्हणायची विनंतीही केली नाही. त्या पुढच्या महिन्यात सामोआला गेल्या आणि तिथेच वारल्या. दादा मात्र दोन वर्षं मशीनच्या कंपनीला पत्रं लिहीत राहिला. कंपनी दर वेळी कळवायची की यंत्रात दोष नाही, आणि दर वेळी मी म्हणायचो, सोड ना आता. त्यानंतर प्रत्येक रेकॉर्डिंगला तो एक जुना कॅसेट रेकॉर्डर आणून माझ्याशेजारी स्टुलावर ठेवू लागला. मला ते अपमानाचं वाटायचं. त्याबद्दल मी एकदा त्याच्याशी भांडलोही. तो म्हणाला, "अरे, मशीनवर भरवसा नाही. तुझ्यावर आहे."

त्याच वेळी सांगायचं होतं. सांगितलं नाही.

मागच्या रविवारी गॅरेज आवरताना वहिनींना सांगितलं. त्या सीडींच्या खोक्यावर बसल्या. "ती सगळी पत्रं मी टाईप केलीत, भाऊजी," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ खोक्याची चिकटपट्टी नखाने उचकटत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आजींच्या मुलीला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही." आणि तो कॅसेट रेकॉर्डर माझ्या हातात दिला.

दुसऱ्याच दिवशी आजींच्या मुलीकडे गेलो. माझ्याच वयाच्या आहेत. दारातच सगळं सांगितलं. त्या मला आत या म्हणाल्या नाहीत. दादा दर नाताळला केक घेऊन त्यांच्याकडे जायचा आणि मशीनबद्दल माफी मागायचा, हे मला तेव्हा कळलं. "म्हणजे इतकी वर्षं तुझ्या चुकीची माफी त्याने मागितली," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

घरी येऊन रेकॉर्डर टेबलावर ठेवला. आत शेवटच्या रेकॉर्डिंगची कॅसेट तशीच होती, ती लावली. आधी अनवाणी पावलं आणि टाळ्या, लांबून जवळ येणाऱ्या. मग अगदी माईकशी त्याचा आवाज, "दिवा लागला का रे, मिल्या?" आणि त्यावर माझा, वैतागलेला, "लागला, दादा, लागला. किती वेळा विचारशील?"