एकाच दमात टाइप केलेली दोन पत्रं

जयंत परवा गेला. ऑफिसमधला एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही.

आमच्या कंपनीचा अख्खा आयटी विभाग म्हणजे जयंत. एकटा. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत, सर्व्हरच्या घरघरीत बसायचा.

मी एमडी साहेबांची सेक्रेटरी. रिटायर होईपर्यंत वरच्या मजल्यावर, एसीत.

वरच्या मजल्यावर त्याचं नाव 'ते प्रिंटरवाले'.

तीन वर्षांपूर्वी त्याची मुलगी सई कॅनडात बाळंत होणार होती. जयंतने दोन अर्ज दिले. एक महिन्याची रजा हवी. आणि काम अडू नये म्हणून हाताखाली एक माणूस.

साहेबांनी दोन्ही उत्तरं मला एका दमात डिक्टेट केली.

विभागात दुसऱ्या माणसाइतकं काम नाही.

विभागात दुसरा माणूस नसल्यामुळे रजा देता येत नाही.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी शिकवलं होतं, मोठे बोलताना मध्ये बोलायचं नाही. सत्तावन्नाव्या वर्षीही मी बोलले नाही. टाइप केलं, सही घेतली.

जयंतने दोन्ही पत्रं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली.

"वा! दोन दारांना एकच कुलूप. साहेबांची काटकसर बघा."

"जयंत, एक दिवस पडू दे ना सगळं बंद. कळू दे त्यांना."

"कळेल हो. पण आधी फोन तुम्हाला येतील, मॅडम. आणि तुम्ही दिवसभर सॉरी, सॉरी करत बसाल."

हसला, आणि खाली गेला.

नोकरी सोडावी, तर पन्नाशी उलटलेली. आमच्या जुनाट सिस्टमशिवाय काही येत नाही, मला कोण घेणार, म्हणायचा. नवीन शिकायला पाठवा, असाही अर्ज केला होता त्याने. त्याचा नकारही मीच टाइप केलेला.

नातू झाला, तो त्याने त्याच खोलीत मोबाइलवर पाहिला.

आज सदाशिव पेठेत त्यांच्या घरी गेले. सई पहाटे पोचली होती. मांडीवर तिचा मुलगा. जयंतच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणत होता, "फोनवाले आजोबा."

"काकू, बाबांना यायचंच नव्हतं," सई म्हणाली. "म्हणाले, ऑफिसचं अडेल, मीच रजा मागितली नाही. किती दिवस मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही."

तिच्या आईलाही त्याने तेच सांगितलं होतं.

मला गप्प बसता आलं असतं. सवय होती.

"मागितली होती गं त्याने रजा. नकाराचं पत्र मी टाइप केलं."

सईने मुलाला माझ्याकडे दिलं आणि आत निघून गेली. बराच वेळ आली नाही.

जयंत, तू झाकून ठेवलेलं मी आज सांगून टाकलं. माझ्यावर रागाव हवं तर.

तुझी लेक आता तुझ्यावर रागावलेली नाही.

येते रे. नमस्कार.