मी न लिहिलेला फाटा

महादेवच्या मुलीचा, शुभांगीचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी साताऱ्यातल्या घरी टेबलाशी कोरी वही उघडून बसलो होतो. पहिल्या पानावर 'रुकी' एवढंच लिहून खाली रेघ ओढली होती. गेल्या वर्षभरात अशा चार वह्यांची पहिली पानं मी वाया घालवली आहेत. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. पहाटे, झोपेतच... माधवनगरच्या घरी. मी 'लगेच निघतो' असं काहीतरी म्हणालो असेन. पण फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो हा, की सुटलो, आता ते लिहायला नको. हे छापायला देताना मला लाज वाटते. पण महादेवबद्दल लिहायचं आणि आपल्याला सोयीचं तेवढंच लिहायचं, हे आता जमणार नाही.

महादेव आणि मी सांगलीच्या वसतिगृहात आठवीपासून एका खोलीत राहिलो. तो आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. मी साताऱ्याच्या शाळामास्तरांचा मुलगा. पहिल्याच दिवशी मी त्याचं बोलणं दुरुस्त करायला घेतलं. 'न्हाई' नव्हे, 'नाही' म्हण. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू नाही म्हन, मी न्हाई म्हंतो. जेवाय मिळनार न्हाई त्ये दोघांनाबी मिळनार न्हाईच की रं!" त्या दिवसापासून मी त्याचा 'मास्तर' झालो. पुढं खरोखरच मराठीचा मास्तर झालो आणि तो टेलिफोन खात्यात लाइनमन. तीस वर्षं तो खांबांवर चढला. मग घरोघरचे टेलिफोनच बंद पडले आणि तोही निवृत्त झाला. "मी आनि माझ्या तारा, दोघं बरुबरच उतरलो," असं तो हसत सांगायचा.

निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, नाहीतर नातवंडांच्या मागं. महादेव गोष्ट लिहायला लागला. शुभांगी पुण्यात संगणकाचं काम करते. तिनं आपला जुना लॅपटॉप त्याला दिला आणि एका वेगळ्याच तऱ्हेची गोष्ट कशी लिहायची ते शिकवलं. पडद्यावर एक पान येतं. ते वाचून झालं की खाली दोन-तीन वाटा दिलेल्या असतात. तुम्ही निवडाल तिकडं गोष्ट वळते. याला काय म्हणायचं यावर मी पंधरा मिनिटं शब्द सुचवत होतो. त्यानं मध्येच सांगून टाकलं, "ही फाट्यांची गोष्ट." आमच्याकडं एसटीतून उतरणारा प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या फाट्यावरच उतरतो, तेव्हा माझे सगळे शब्द तिथंच बाद झाले.

गोष्ट त्याच्याच घरची होती. दिवाळीनंतर एक कुटुंब मेंढरं घेऊन कोरड्या मुलखातून कृष्णाकाठाला यायला निघतं. सामान घोड्यावर, कुत्रं पुढं, बाया-पोरं मागं. वाचणारा म्हणजे त्या घरातला थोरला पोरगा. कालव्याच्या कडेनं जायचं की माळानं, लंगडं कोकरू खांद्यावर घ्यायचं की मागच्या वस्तीवर ठेवायचं, सगळं त्यानं ठरवायचं. महादेवनं ती बोलतो तशीच लिहिली होती. मी लाल पेन घेऊन गेलो होतो. पण पडद्यावर लाल पेन चालत नाही आणि तिसऱ्या पानानंतर मला त्याची आठवणही राहिली नाही.

पण खरी मजा होती ती वाचणाऱ्याच्या मागं. टेबलाशी खुर्ची, आणि खुर्चीच्या मागं एक लोखंडी स्टूल. कुणीही घरी आलं की महादेव त्याला खुर्चीत बसवायचा, माऊस हातात द्यायचा आणि स्वतः चहाचा कप घेऊन स्टुलावर बसायचा. शेजारी, पाहुणे, एकदा तर गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा अर्धा तास अडकला होता. महादेवचा एकच नियम होता. "मागं बसनाऱ्यानं बोलायचं न्हाई." वाचणारा भलत्या फाट्याला वळला की त्याचा चेहरा पडायचा, शहाणपणानं वळला की खुलायचा, पण तोंडातून शब्द नाही. हातातल्या चहावर साय धरायची.

मी एकदा विचारलं, "तू स्वतः कधी वाचतोस का रे ही, निवांत, पहिल्यापासून?" माझं एक सांगतो. रविवारच्या पुरवणीत माझं काही छापून आलं की मी ते तीनदा वाचतो. एकदा छपाईच्या चुका बघायला आणि दोनदा उगीचच. आमच्या सौभाग्यवती विचारतात, "सकाळपासून काही बदललंय का त्यात?" म्हणून मला वाटलं, यालाही तसंच होत असेल. तर म्हणाला, "मला काय घावनार त्यात? कोडं घातलंय मी, उत्तर मला ठावं. कुठल्या वळनावर कुत्रं भुकतंय त्येबी ठावं. तुझा लेख सरळ असतोय, तुला त्यो परत वाचाय येतोय. माझ्या गोष्टीत पुढं काय हाय ह्ये ठावं नसंल तरच गोष्ट हाय. ती मी सोडून समद्यांसाठी हाय बघ." हे सांगताना तो हसत होता, पण कुठंतरी त्याला ते लागत असावं. स्वतःच्या हातानं घर बांधावं आणि आपल्यालाच पाहुणा म्हणून जाता येऊ नये, तसं काहीसं.

गोष्ट संपवून मी माझ्या जातीला जागलो आणि एक चूक काढली. एका जागी, लिंबाच्या झाडाखाली, पान म्हणतं, 'हितं फाटा फुटतो.' आणि खाली वाट मात्र एकच, 'उसाकडं.' "फाटा म्हणतोस आणि वाट एक?" मी विजयानं विचारलं. महादेवनं लॅपटॉप मिटला. वहिनी बाजाराला गेल्या होत्या. त्यानं मला रुकीबद्दल सांगितलं, जे एका खोलीत राहूनही कधी सांगितलं नव्हतं.

रुकी म्हणजे त्याची धाकटी बहीण. तो अकरा वर्षांचा, ती आठ-नऊची. मेंढरं घेऊन खाली येताना तिला वाटेत ताप भरला. लिंबाच्या फाट्यावर एक रस्ता नदीकाठाला, उसाच्या रानांकडं जात होता. तिथला शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायला वाट बघत होता. दुसरा रस्ता तालुक्याच्या गावाला, डॉक्टरकडं. बापाचं मन दोन्हीकडं. त्यानं पोराला विचारलं, "म्हादा, कुठनं जायाचं रं?" आणि म्हादा म्हणाला, उसाकडनं. "का म्हनालो? तर ऊस खायाला घावंल म्हनून. डाक्टरकडं उद्या जाऊ, असं ठरलं." तो उद्या रुकीला मिळाला नाही. त्या सालीच बापानं महादेवला मेंढरांमागून काढलं आणि कायमचं शाळेत घातलं.

"दुसरी वाट तू लिही मास्तर," तो म्हणाला. "मी लिवली तर खोटी हुईल. मीच लिवनार, मलाच ठावं असनार. तू लिव. मला सांगू नकोस काय लिवलंस ते. मग मी खुर्चीत बसतो नि वाचतो. माझीच गोष्ट, पन येकदा तरी पुढं काय हाय ठावं नसताना..." मी त्याच्या हातावर हात ठेवून हो म्हणालो.

आणि लिहिलं नाही. कारणं पुष्कळ होती, मास्तराकडं कारणांना तोटा नसतो. पहिल्या वहीत डॉक्टर देवमाणूस निघाला, ते पान फाडलं. दुसऱ्या वहीत रुकी शालेय निबंधातल्यासारखी बोलायला लागली. मेलेल्या मुलीला कागदावर जिवंत करणं मला स्वस्त वाटत होतं, आणि त्याहून खरं म्हणजे माझं लेखन त्याच्या लेखनापुढं उघडं पडेल याची भीती वाटत होती. दरम्यान महादेवचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला, मग फिरणं बंद केलं. फोनवर तो कधीच तगादा लावायचा नाही. नुसतं विचारायचा, "फाट्याचं काय?" शेवटी एके दिवशी मी म्हणालो, "झालंय. शुभांगीकडं पाठवतो, ती कुठंतरी लपवून घालेल. तू शोधत बस." वाटलं, आठ दिवसांत लिहून टाकू. पलीकडं तो इतका मोकळा हसला, की त्या क्षणी मला खोटं बोलल्याचं बरंच वाटलं.

त्यानंतर दर फोनला तो सांगायचा, "अजून घावला न्हाई. लय बेस लपवलाईस गड्या!" वहिनी मागून म्हणायच्या, "आवं भावजी, काय घातलंय त्यात? दिवसभर तेच घेऊन बसत्यात." जो माणूस आपली गोष्ट कधी वाचत नव्हता, तो आता पहिल्या पानापासून एकेक फाटा धरून तिच्यातून चालत होता, पुन्हा पुन्हा. आणि मी इकडं तिसऱ्या वहीवर रेघ ओढत होतो.

बाराव्यानंतर पाहुणे पांगले. तेव्हा मी शुभांगीला सगळं सांगितलं, कारण आणखी कुणाला सांगणार? ती म्हणाली, "बाबांना माहीत होतं काका. त्यांनी मला विचारलं होतं, मास्तरनं काही पाठवलंय का म्हणून. मी नाही म्हणाले. तर म्हणाले, बरं, त्याला इचारू नकोस. लिवतोय त्यो." म्हणजे 'अजून घावला न्हाई' असं तो महिनोन्‌महिने म्हणत होता, ते मला सांभाळून घ्यायला. स्वतःची शोधाशोध त्यानं माझ्यासाठी नाटकासारखी चालवली होती.

शुभांगीनं लॅपटॉप उघडला आणि लिंबाच्या फाट्याशी आणून ठेवला. तिथं आता दोन वाटा होत्या. 'उसाकडं' आणि 'डाक्टरकडं'. दुसरी तिनं दाबली. पान उघडलं. त्यावर एवढंच होतं. 'मास्तर लिवतोय. लिंबाखाली सावली हाय. तवर बसा.' खाली एकच वाट, 'बसतो'. ती दाबली की तेच पान परत येतं. पुन्हा दाबली की पुन्हा तेच. "शेवटी शेवटी ते हेच दाबत असायचे," शुभांगी म्हणाली. "मला वाटायचं, काहीतरी बिघडलंय."

साताऱ्याला येऊन मी तीन दुपारींत ते लिहिलं. वर्षभर जे झालं नाही ते तीन दुपारींत झालं, याचा संताप अजून गेलेला नाही. बारा पानं, सगळी 'हाय' आणि 'न्हाई'मध्ये. फारसं काही घडत नाही त्यात. रांगेत बसावं लागतं, डॉक्टर कावलेला असतो, सुई टोचतो. तिसऱ्या दिवशी रुकी ऊस मागते आणि थोरला पोरगा तो आणायला जातो. लिहून झाल्यावर सवयीनं परत वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर थांबलो. मला पुढचं सगळं ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसायला हवं होतं तो एकच माणूस होता... माझे रविवारचे लेख मी आजही वाचीन, पण ती बारा पानं मी पुन्हा उघडलेली नाहीत. शुभांगीनं विचारलं, "बाबांचं पान काढून तिथं हे घालू?" मी म्हटलं, नको. ते राहू दे, फक्त त्याच्याखाली आणखी एक वाट दे, 'निघतो'.

मागच्या आठवड्यात माधवनगरला गेलो. वहिनींनी ती गोष्ट कधी वाचलेली नव्हती. इतकी वर्षं त्यांचं काम फक्त चहा देण्याचं. मी म्हटलं, आज तुम्ही वाचा. "मला कुठं येतंय ते," म्हणत त्या खुर्चीत बसल्या, आणि मागं न बघता म्हणाल्या, "तुमी मागं बसा भावजी. त्यांचं स्टूल हाय." मी चहाचा कप घेऊन बसलो. स्टुलाचा एक पाय आखूड आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

वहिनी एकेक ओळीवर बोट धरून मोठ्यानं वाचत होत्या. त्यांनी कालव्याची वाट घेतली, लंगडं कोकरू खांद्यावर घेतलं. लिंबाचा फाटा आला. त्यांनी जराही वेळ न लावता 'डाक्टरकडं' दाबलं. पान उघडलं. 'मास्तर लिवतोय. लिंबाखाली सावली हाय. तवर बसा.' त्यांनी ते वाचलं, मनात पुन्हा एकदा वाचलं. खाली दोन वाटा होत्या, 'बसतो' आणि 'निघतो'. माझी बारा पानं एका बोटाच्या अंतरावर होती. वहिनींनी 'बसतो' दाबलं. तेच पान परत आलं. त्यांनी ते परत वाचलं, आवाज जरा उतरला होता. पुन्हा 'बसतो'. मला सांगावंसं वाटलं, वहिनी, खालचं दाबा, पुढं आहे, मी लिहिलंय, रुकी बरी होते. पण मागं बसणाऱ्यानं बोलायचं नसतं. हातातल्या चहावर साय धरली होती. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, माऊस नीट धरला आणि परत 'बसतो' दाबलं.